लूपचा आराखडा उतरणीपासून काढा

ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने उतरायचं असेल तर अर्धं नियोजन डोंगरच करून देतो. प्रत्येक वळण चढताना पाहिलेलं असतं, कुठे पाणी आहे आणि कुठे पाय घसरतो हे ठाऊक असतं. ढग आले किंवा कुणाचा गुडघा बोलायला लागला की मागे वळायचं, बस्स. लूपमध्ये ही सोय नाही. एका सोंडेने चढून, धारेवरून आडवं जाऊन, दुसऱ्या बाजूच्या रानातून उतरायचं म्हटलं की दिवसाचा उत्तरार्ध सगळा अनोळखी. आणि तो येतो नेमका पाय दमलेले, पाणी संपत आलेलं आणि ऊन कललेलं असताना. म्हणून मी नकाशा पसरून बसते तेव्हा पायथ्यापासून सुरुवात करत नाही. शेवटचा टप्पा आधी, मग त्याच्या आधीचा, अशी मागे मागे येते.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक डोंगर मनाशी धरू. पायथा 640 मीटरवर. पूर्वेच्या सोंडेने 1240 मीटरवरच्या खिंडीत, तिथून धारेने 1560 मीटरच्या माथ्यावर. माथ्यावरून पश्चिमेला उतरत 1300 मीटरवरची दुसरी खिंड. तिथून दाट रानातल्या दरीने 700 मीटरवर ओढ्याकाठी, आणि ओढा ओलांडून परत पायथा. डोंगर मनातला आहे, पण रानाच्या डोंगराची ठेवण साधारण अशीच असते.

अंतर मोजायला मला अजूनही दोरा लागतो. शिवणाचा दोरा ओला करायचा, नकाशावर वाटेच्या वळणांवरून बसवायचा, टोकांना चिमटीत धरून उचलायचा आणि पट्टीवर सरळ करायचा. 1:50,000 च्या नकाशावर 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. आपल्या लूपला दोरा भरला 29 सेंटिमीटर, म्हणजे साडेचौदा किलोमीटर. पण नकाशातली पायवाट ही वाटेची सरासरी असते. जमिनीवर ती झाडांना वळसे घालते, चढावर नागमोडी होते. त्यामुळे मी सहावा हिस्सा तरी वाढवते. इथे 17 किलोमीटर धरू. फोनवर बोट फिरवूनही आकडा मिळतो, नाही असं नाही. पण दोरा बसवताना डोळा वाटेच्या प्रत्येक इंचावरून जातो आणि बऱ्याच शंका तिथेच निघतात.

आता कंटूर रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. दरीची उतरण 5 किलोमीटरची आणि 600 मीटरची. सरासरी काढली तर ती मवाळ दिसते, आणि माणसं इथेच फसतात. रेषा नीट मोजा: खिंडीखालच्या पहिल्या 800 मीटरमध्येच 300 मीटर उंची जाते. 20 मीटर अंतराच्या 15 रेषा नकाशावर 16 मिलिमीटरमध्ये कोंबलेल्या, जेमतेम मिलिमीटरला एक. हा 20 अंशांहून जास्तीचा उतार झाला. उरलेल्या 4 किलोमीटरमध्ये मग चालणं आहे. शिवाय दोन रेषांमध्ये 20 मीटर अंतर असेल तर त्यांच्या मधला 15 मीटरचा कातळकडा नकाशाला दिसतच नाही. रेषा वर विरळ आणि खाली दाट असतील तर आणखी सावध व्हायचं. असा उतार पोटाने फुगलेला असतो, वर उभं राहून खालचा कडा दिसत नाही. झाडीतून छान उतरत गेलो आणि एकदम पुढे काहीच नाही, अशी जागा बहुतेक वेळा या आकाराच्या उतारावर असते.

दाट रानात कंटूरवर आणखी एका कारणाने डोळे झाकून विसंबू नये. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानातून रडारने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली गेली, आणि फुकट मिळणाऱ्या बऱ्याच नकाशांतल्या कंटूर त्या मोजणीवरून काढलेल्या आहेत. त्या रडारची लहर दाट झाडीतून जमिनीपर्यंत धड पोहोचत नाही, वरच्या फांद्यांतूनच परतते. त्यामुळे रान जिथे संपून गवताळ मोकळवन लागतं तिथे नकाशात नसलेली पायरी उमटू शकते, आणि झाडीतली छोटी घळ पुसली जाऊ शकते. सर्वेक्षणाचा छापील नकाशा मिळत असेल तर तो शेजारी ठेवून ताडून पाहायचा. उपग्रहाच्या चित्रात झाडीखालची वाट दिसत नाही, पण उघडा कातळ, दरड कोसळल्याचा ओरखडा आणि मोकळवनं दिसतात. झाडांची पानं गळालेल्या ऋतूतलं जुनं चित्र मिळालं तर वाटेचे तुकडेही दिसून जातात.

दुसऱ्याने चालून ठेवलेली जीपीएक्स फाइल, म्हणजे त्याच्या जीपीएसने नोंदलेली वाट, मिळाली की लोकांना नियोजन संपल्यासारखं वाटतं. माझ्या मते ते तिथे सुरू होतं. आधी तारीख बघा. दोन पावसाळे उलटले की रानातली न मळलेली वाट गेलीच समजायची. मग रेघ मोठी करून बघा. एकदम पट्टीने मारल्यासारखा सरळ तुकडा म्हणजे तिथे उपग्रहांचा संपर्क तुटला होता किंवा कुणीतरी घरी बसून माउसने रेघ ओढली. एकाच जागी गुंता झालेली रेघ असेल तर बहुधा तो माणूस तिथे वाट शोधत फिरत होता. अशा गुंत्यावर मी नकाशात लाल गोल करते, कारण आपणही तिथेच अडकणार. फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याची वेळ असते. उतरणीच्या 800 मीटरला त्याला दीड तास लागला असेल तर ती वाट कशी आहे हे वेगळं विचारायला नको.

मग दिशा. पूर्वेकडून चढायचं की पश्चिमेकडून, हा प्रश्न फोटो कुठे चांगले येतील यावर सोडवतात ते सोडवोत. माझा पहिला निकष सोंडांचा. सोंडेने वर जाताना सगळ्या उपसोंडा एकमेकींना मिळत जातात. थोडं डावं-उजवं झालं तरी चढत राहिलं की मुख्य धारेवर येतो. तीच सोंड उतरताना दर थोड्या अंतरावर फुटते, आणि फाट्यावर पहिले 100 मीटर दोन्ही फांद्या सारख्याच दिसतात. झाडीत तर खालची दरीही दिसत नाही. म्हणून जी बाजू गुंतागुंतीची, वाट पुसट, सोंडा जास्त, ती चढायला घ्यायची. उतरायला मळलेली वाट हवी, किंवा निदान बाजूने धरून चालता येईल असा ओढा, गाडीरस्ता, रानाची कड असं काहीतरी. कातळाचे टप्पेही शक्यतो चढाईत घ्यावेत. चढताना पकड डोळ्यासमोर असते, उतरताना ती पायाखाली शोधावी लागते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना तीव्र बाजू चढून मवाळ बाजू उतरणं मानवतं.

आपल्या डोंगरावर पूर्वेची सोंड फाट्यांची आहे, म्हणून ती चढायला. पश्चिमेची दरी वरच्या 800 मीटरला वाईट, पण खाली मळलेली आहे. इथपर्यंत जमलं. अडचण ओढ्याची. या दिशेने गेलं तर ओढा अगदी शेवटी येतो, पायथा अर्ध्या-पाऊण तासावर असताना. दुपारी वर कुठेतरी सर कोसळली तर तीनच्या सुमाराला ओढा गुडघ्याच्या वर, गढूळ आणि वेगाने वाहत असणार, आणि आपण पलीकडच्या काठावर. दिशा उलटी केली तर ओढा सकाळी येतो, पण मग फाट्यांची सोंड संध्याकाळी उतरावी लागते. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. मी दिशा तीच ठेवते आणि ओढ्याला पर्याय शोधते: आपण असू त्याच काठाने जाणारा जंगलातला गाडीरस्ता खाली पुलापर्यंत जातो, 4 किलोमीटर जास्तीचे, म्हणजे सव्वा ते दीड तास. हा वेळ दिवसाच्या हिशेबात शिल्लक असेल तर ठीक. आदल्या दिवशी जोरदार पाऊस झाला असेल तर लूप रद्द करायचा आणि फक्त सोंडेने माथ्यावर जाऊन त्याच वाटेने परतायचं.

वेळेचा हिशेब करायला एक जुना नियम आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला: दर 5 किलोमीटरला 1 तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी 1 तास. आपल्या लूपमध्ये 17 किलोमीटर आणि धारेवरचे चढउतार धरून एकूण 1110 मीटर चढाई आहे. नियमाने सव्वापाच तास येतात. हे खरं मानून निघालात तर अंधारात उतराल. तो वेग तगड्या, हलक्या ओझ्याच्या आणि न थांबणाऱ्या माणसाचा आहे. रानात, पाठीवर सॅक घेऊन, पाच-सहा जणांच्या गटात मी ताशी 3 किलोमीटरच धरते. चढाईचा जादा वेळ तोच. पुढे एरिक लँगमुर यांनी या नियमात उतारासाठी दुरुस्ती केली: 12 अंशांहून तीव्र उतार असेल तर दर 300 मीटर उंची उतरायला 10 मिनिटं वाढवायची. आपल्या त्या वाईट 800 मीटरला ती लावू. मग चालण्याचे 7 तास 40 मिनिटं होतात. तासाला 10 मिनिटं थांबणं आणि माथ्यावर अर्धा तास बसणं धरलं की साडेनऊ तास.

सूर्यास्त 6 वाजता आहे असं समजा. मला सूर्यास्ताच्या 2 तास आधी खाली असायचं असतं, कारण दरीतल्या रानात सूर्यास्ताच्या पुष्कळ आधीच अंधारतं, आणि ओढ्याचा पर्याय वापरायला दीड तास हाताशी हवा. म्हणजे 4 वाजता पायथा, म्हणजे सकाळी 6:30 ला पाऊल उचललेलं हवं. 6:30 ला जमायचं नाही, चालू लागायचं. गटात हा फरक पाऊण तासाचा असतो.

मग बरोबर न्यायच्या वेळापत्रकाच्या कार्डावर असं उतरतं:

खिंड – 9:25
माथा – 11:00, निघणे 11:30
दुसरी खिंड – 1:10
ओढा – 3:15
पायथा – 4:00

या वेळांत एक गोष्ट आपसूक साधली आहे. उघड्या धारेवरचा सगळा भाग दुपारी सव्वा वाजायच्या आत संपतो. डोंगरावरचे गडगडाटी ढग बहुधा दुपारनंतर चढतात. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मोजायचं: 3 सेकंदांना 1 किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. धार सोडून खाली उतरायचं, एकट्या उंच झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत धारेवर जायचं नाही. थंडीचा हिशेब सोपा: हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. आपला माथा पायथ्यापेक्षा 920 मीटर उंच, म्हणजे 6 अंश गार, वारा वेगळा. घामाने भिजलेल्या अंगाला तो लागतो, म्हणून वर पोहोचल्यावर नाही, पोहोचायच्या 10 मिनिटं आधीच जॅकेट हाताशी काढून ठेवायचं.

आता ज्यासाठी हे सगळं, ती गोष्ट. प्रत्येक लूपमध्ये एक जागा असते जिथून मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणं जवळचं होतं. लोकांना ती माथ्यावर वाटते. हिशेब करून बघा. आपल्या माथ्यावरून मागे फिरलं तर साडेसहा किलोमीटर आणि जवळजवळ सगळी उतरण: सव्वादोन तास. पुढे गेलं तर साडेदहा किलोमीटर, चार तासांना पाचच मिनिटं कमी. म्हणजे माथ्यावर अजून परतीचा मार्ग खूपच जवळचा आहे. धारेने पश्चिमेकडे आणखी 2 किलोमीटर गेल्यावर कुठे दोन्ही बाजू सारख्या होतात. त्या जागेला मी कुलूप म्हणते आणि नकाशावर तशी खूण करते. कुलपाच्या पुढे कुणाचा पाय मुरगळला, पाणी संपलं, धुकं उतरलं, तरी वाट पुढचीच. दुसऱ्या खिंडीतून मागे फिरायचं तर धारेवरचे चढउतार धरून 420 मीटर परत चढावं लागतं आणि चार तास जातात.

पण निर्णय कुलपापाशी घ्यायचा नसतो. तिथे उभं राहून सगळे पुढे जायचंच म्हणतात, आणि "आता आलंच की" म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. निर्णय माथ्यावर घ्यायचा आणि त्याची वेळ घरीच ठरवायची. माझं कार्ड म्हणतं: 12:00 च्या आत माथा नाही तर मागे. 12:00 ला पोहोचून 12:30 ला निघालो तर पायथ्याला 5 वाजतात. ओढा चढलेला असेल तर साडेसहा. त्याच्या पुढे ओढायला दोरीच उरत नाही. घरी ठरवलेल्या वेळेवर डोंगरात चर्चा नाही, हे गटाला निघायच्या आधी सांगायचं, म्हणजे वर वाईटपणा येत नाही.

मधूनच सुटायच्या वाटाही आधी शोधून ठेवाव्या. पण सुटायची वाट म्हणजे खाली जाणारी कुठलीही घळ नव्हे. घळी पाण्याने कोरलेल्या असतात आणि पाण्याला कड्यावरून उडी मारायला काही वाटत नाही. वाट हरवली की ओढ्याच्या कडेने उतरत राहा, कुठेतरी पोहोचाल, हा सल्ला मला मुळीच पटत नाही. दोन-तीन धबधबे उतरून गेल्यावर पुढचा उतरता येत नाही आणि मागचा चढता येत नाही, असं होऊन बसतं. सुटायची वाट नकाशावर तळाच्या रस्त्यापर्यंत बोट न उचलता जाते का ते बघा. जात नसेल तर खोडून टाका. आपल्या लूपला अशी एकच वाट निघते, पहिल्या खिंडीतून दक्षिणेकडे. एक तर एक.

प्रत्येक टप्प्यासाठी कार्डावर दोन गोष्टी लिहायच्या: काय दिसायला हवं, आणि काय दिसलं तर आपण चुकलो. दुसरी जास्त महत्त्वाची. उदाहरणार्थ, दुसऱ्या खिंडीतून उतरताना: "अर्ध्या तासात ओढ्याचा आवाज उजवीकडून यायला हवा. डावीकडून आला तर चुकीच्या सोंडेवर." सोंड उतरताना तिची दिशाही अंशांत लिहून ठेवते. सोंड 220 अंशांकडे जाते आणि होकायंत्र 270 दाखवतंय, तर वाट कितीही मळलेली असली तरी ती आपली नाही. गुरांची किंवा लाकूडफाट्याची असेल. नकाशाची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक काही ठिकाणी नगण्य असतो, काही ठिकाणी 10 अंशांहून जास्त. नकाशाच्या कडेला तो छापलेला असतो, वर्षासकट. जुना नकाशा असेल तर तो आकडाही जुना झालेला असतो.

फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं, फक्त नकाशा आधी उतरवून घेतलेला हवा. रेंज शोधत राहणारा फोन दुपारपर्यंत मरतो. दाट झाडीत आणि अरुंद दरीत जीपीएसचा ठिपका बरेच मीटर इकडेतिकडे उड्या मारतो, म्हणून फाट्यावर ठिपक्याकडे बघून लगेच पाऊल टाकायचं नाही. 50 पावलं चालून ठिपका रेघेपासून लांब जातोय का ते बघायचं. छापील नकाशा प्लास्टिकमध्ये, माझ्याकडे एक आणि पिछाडीला चालणाऱ्याकडे एक.

पाणी तासाला अर्धा लिटर धरा. साडेनऊ तासांना पावणेपाच लिटर, म्हणजे पाठीवर पावणेपाच किलो. वाटेत भरायचं ठरवलं तर तो झरा त्या महिन्यात वाहतो हे कळलेलं हवं. नकाशावर तुटक निळी रेघ असेल तर तो बारमाही नाही. आणि शुद्ध करायची सोय बरोबर.

गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. फाट्यावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. रानात हाक लांब जात नाही, शिट्टी जाते: मदत हवी असेल तर मिनिटात 6 फुंका, मग एक मिनिट थांबून पुन्हा. ऐकू आल्याचं उत्तर 3 फुंकांचं. शिट्टी सॅकच्या आत नाही, पट्ट्याला. हेडटॉर्च प्रत्येकाकडे, 4 वाजता उतरायचं असलं तरी. संरक्षित जंगल असेल तर परवानगी आणि प्रवेशाच्या वेळा आधी विचाराव्या. फाटक 7 ला उघडत असेल तर 6:30 चा सगळा हिशेब कोसळतो आणि लूप छोटा करावा लागतो.

शेवटी एक चिठ्ठी, डोंगरावर न येणाऱ्या माणसाकडे. तीत वाट आणि तिची दिशा, गटातल्यांची नावं आणि नंबर, गाडी कुठे उभी आहे, सुटायची वाट कुठली, आणि एक वेळ: "8 पर्यंत माझा फोन आला नाही तर मदत मागवायची." संध्याकाळी उशिरा वगैरे लिहायचं नाही. मोघम लिहिलं की घरचे दहापर्यंत वाट बघतात, मग एकमेकांना विचारतात, आणि मदत निघेपर्यंत मध्यरात्र होते. 8 लिहिलं तर फोन 8 च्या आत करायची जबाबदारी आपली. पायथ्याला रेंज नसेल तर ती कुठे मिळते ते चिठ्ठी लिहितानाच शोधून ठेवा आणि तिथपर्यंतचा वेळही त्या 8 मध्ये धरा.